स्पीकरवर हाय का?

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी "गोरेगाव" म्हणालो की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ईस्ट की वेस्ट?" पहिल्या वर्षी मी सविस्तर सांगायचो. मुंबईचं नाही हो, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सोयाबीन आणि हळदीचं. रेल्वेचा रूळ बघायचा तर हिंगोलीला जावं लागतं. नंतर कंटाळून मी "ईस्ट. बरंच ईस्ट" असं म्हणायला लागलो. लोक हसायचे. हसवलं की पुण्यात बसायला जागा मिळते, हे मला तेव्हा कळलं. या हसवण्याबद्दलच मला लिहायचंय, पण सुरुवात एका जुन्या ब्रिटिश मालिकेपासून करावी लागेल.

'माइंड युवर लँग्वेज'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिचे तुकडे यूट्यूबवर पाहिले असतील. लंडनमधला संध्याकाळचा वर्ग, देशोदेशीचे प्रौढ विद्यार्थी, त्यांना इंग्रजी शिकवणारे ब्राउन सर. आमच्या गावात ती आली तेव्हा कुणाकडे यूट्यूब चालेल असं नेट नव्हतं. मी नववीत होतो. इंग्रजीच्या ट्यूशनच्या सरांकडे एक जाडजूड लॅपटॉप होता आणि त्यात कुठून तरी पेनड्राइव्हमधून आलेले सगळे भाग. शनिवारी व्याकरण नाही, एक भाग. लाइट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी पाऊण तास टिकायची आणि भाग अर्ध्या तासाचा, त्यामुळे लोडशेडिंगला आम्ही घाबरत नव्हतो. सर मध्येच थांबवायचे. "हे वाक्य चुकलं. बरोबर कसं?" आम्ही बारा-तेरा पोरं ओरडून सांगायचो. सर स्वतः 'फिल्म'ला 'फिलिम' म्हणायचे, पण ते आम्हाला तेव्हा कळत नव्हतं आणि आता कळून काही फरक पडत नाही. मला आज जे इंग्रजी येतं त्याचा पाया तिथे घातला गेला.

शेतातून परत येताना आप्पा मला न्यायला यायचे आणि दारातच उभे राहायचे. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी ते हसायचे, आणि आमच्याही आधी हसायचे. कुणी चुकतंय हे कळायला भाषा लागत नसावी. ब्राउन सरांचा चेहरा बघितला की पुरे. आप्पांना सगळ्यांत आवडायचा तो अली नदीम, पाकिस्तानी विद्यार्थी, मोठ्या डोळ्यांचा. "चुकायलंय, तरी गप बसंना," आप्पा कौतुकाने म्हणायचे. "आसं पायजे."

त्या वर्गातली माणसं मला अजून नावानिशी आठवतात. सतत "हजार वेळा माफी" असं काहीतरी म्हणणारा, हात जोडणारा रणजित सिंग. विणकाम करत बसणारी जमीला. एकमेकांना दाद न देणारे जपानी तारो आणि चिनी सु-ली. इटलीचा जिओवानी, ग्रीसचा मॅक्स, कुठल्याही प्रश्नाला "पोर फावोर" म्हणणारा स्पेनचा हुआन. आणि बिचारी मिस कोर्टनी, मुख्याध्यापिका, जिने दार उघडलं की वर्ग चिडीचूप. आम्ही ट्यूशनला एकमेकांना हीच नावं ठेवली होती. मी अली होतो.

आता थोडं त्या नटांबद्दल. इंजिनिअर असल्यामुळे एखादी गोष्ट आवडली की तिच्या आत काय आहे ते उघडून बघायची मला खोड आहे. अलीचं काम करणारा डिनो शफीक ढाक्याला जन्मलेला. रणजित सिंग झालेला अल्बर्ट मोझेस श्रीलंकेत जन्मलेला. ग्रीक मॅक्स झालेला केवोर्क मलिक्यान हा तुर्कस्तानात जन्मलेला आर्मेनियन. स्पॅनिश हुआन, म्हणजे रिकार्डो माँटेझ, जिब्राल्टरचा. सु-ली झालेली पिक-सेन लिम पेनांगची. या सगळ्यांना उत्तम इंग्रजी येत होतं. येत नसतं तर लंडनमध्ये नट म्हणून त्यांना कुणी उभं केलं नसतं. पण काम मिळत होतं ते न येणाऱ्या इंग्रजीचं. म्हणजे ज्या वर्गात भाषा शिकायला आलेले लोक दाखवले होते, त्या वर्गात प्रत्यक्षात आलेली भाषा लपवणारे लोक बसले होते.

आपल्याकडेही असंच झालं. 1993 मध्ये दूरदर्शनवर याच कल्पनेवर 'जबान संभाल के' आली. पंकज कपूर शिक्षक, भाषा हिंदी. त्यात विजू खोटे मराठी माणूस होते, नाव विठ्ठल बापूराव पोटे. आणि मोडकंतोडकं हिंदी बोलणारा इंग्रज कोण? टॉम ऑल्टर. मसुरीत जन्मलेला, ज्याचं उर्दू ऐकून उर्दूवाल्यांनी मान डोलवावी असा माणूस.

डिनो शफीकचं अजून एक काम आहे आणि ते थेट आपल्या नाशिकजवळचं आहे. 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही बीबीसीची मालिका, 1974 ते 1981. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश तोफखान्याची करमणूक पार्टी, आणि सुरुवातीच्या भागांत त्यांची छावणी आहे देवळालीत. लेखक जिमी पेरी स्वतः तिथे असल्या पार्टीत होता. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत, उन्हात, रिकामटेकडे पडून सोल्जर लोकांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलॅली' म्हणतात. ते म्हणजे आपलं देवळाली. त्या मालिकेत डिनो शफीक चहावाला. आणि नोकराचं मोठं काम, रंगी राम, ते केलं मायकेल बेट्सने. तो गोरा, झाशीत जन्मलेला, हिंदुस्थानी बोलणारा. चेहऱ्याला तपकिरी रंग फासून. देवळालीत घडणाऱ्या गोष्टीत ढाक्याच्या माणसाला चहा आणि गोऱ्या माणसाला हिंदी माणूस! या रंगामुळे आणि बाकीच्या काही कारणांमुळे बीबीसी ती आता पुन्हा दाखवत नाही.

असो. पुण्याकडे वळतो.

इंजिनिअरिंगला आलो तेव्हा माझी मराठी दोन्हीकडची होती. आमचा भाग परभणीच्या अंगाला आणि वाशीमच्या शेजारी, त्यामुळे 'करायलोय' आणि 'काहून' एकाच वाक्यात येतात. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी "काय करायलास बे?" म्हणालो आणि खोलीतले तिघं पोट धरून हसले. वाईट हेतूने नाही. त्यांना ते खरंच गोड वाटलं. "परत म्हण ना," म्हणाले. मी परत म्हणालो. इथे माझ्यापुढे दोन रस्ते होते. गप बसून चार महिन्यांत 'काय करतोयस' शिकायचं, जे मी वर्गात आणि नंतर इंटरव्ह्यूत केलंच. किंवा आपणच दुकान टाकायचं. मी दोन्ही केलं. दिवसा प्रमाण, रात्री मराठवाडी. मकरंद अनासपुरेंचे सिनेमे सगळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे गिऱ्हाईक तयारच होतं.

हळूहळू माझा एक आयटम बसला. नाव होतं 'आप्पांचा फोन'.

त्यातला सगळ्यांत गाजलेला तुकडा ओटीपीचा. घटना खरी. मला एका फॉर्मसाठी त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी हवा होता. आप्पांनी मेसेज पूर्ण वाचला, कारण ते मेसेज पूर्ण वाचतात. मग म्हणाले, "ह्यात लिवलंय कुनालाच सांगू नका. आता तू 'कुनालाच'मधी येतूस का न्हाई, ते सांग आधी." मी हे होस्टेलच्या गच्चीवर केलं, कॉलेजच्या गॅदरिंगला केलं, नोकरी लागल्यावर टीमच्या आउटिंगला केलं. 'कुनालाच'चा न लांबवायचा, 'ओटीपी'ला 'वटीपी' करायचं, शेवटी कानापासून फोन दूर धरून "हालो? हालो?" ओरडायचं. हमखास टाळ्या.

आता नीट बघा. आप्पांचं वाक्य हुशार आहे. त्यांनी बँकेच्या नियमातली फट पकडली होती, आणि पोराची फिरकी घेतली होती. विनोद त्यांचा होता. मी तो उचलला, त्यातली अक्कल काढून टाकली आणि उच्चार तेवढे ठेवले. 'वटीपी' तर आप्पा म्हणालेच नव्हते. ते मी घातलं. मॅक्सला ग्रीक उच्चार घालावेत तसं.

दोन वर्षांपूर्वी आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात केलं. आठ-दहा दिवस ते माझ्या फ्लॅटवर होते. माझे दोन फ्लॅटमेट, दोघंही चांगली पोरं, त्यांच्या डोळ्यांत वेळेवर ड्रॉप घालायचे, बाहेरून येताना त्यांच्यासाठी केळी आणायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी जेवताना त्यातला एक म्हणाला, "काका, तो वटीपीवाला डायलॉग म्हणा ना एकदा. ओरिजिनल."

आप्पांना आधी कळलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. काळा चष्मा होता, त्यामुळे बघितलं म्हणजे चष्मा माझ्याकडे वळला. मग ते हसले आणि म्हणाले. पूर्ण म्हणाले, 'वटीपी'सकट, कारण तो शब्द त्यांना पोराने आत्ताच दिला होता. पोरं हसली, आप्पाही हसले, मीही हसलो. भाकरी संपली. विशेष काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये होतो आणि बाहेर आप्पा त्या मुलाशी बोलत होते. "मला चहा नको आहे. मी आत्ता घेतला आहे." प्रत्येक शब्द वेगळा, मध्ये जागा सोडून, वर्गात उभं राहून उत्तर देतात तसा. साठ वर्षं न अडखळता बोलणारा माणूस, बैलबाजारात, ग्रामसभेत, कुणाच्या मयतीला, कुणाच्या सोयरिकीला ज्याला बोलायला बोलावतात तो, अडखळत होता. ब्राउन सरांच्या वर्गातल्या नटांना येत असलेली भाषा येत नसल्यासारखी करावी लागायची. आप्पांना सोंग करावं लागलं नाही. मी त्यांना खरोखरच बाकावर नेऊन बसवलं होतं.

तेव्हापासून मी या मालिकेबद्दल वेगळा विचार करायला लागलो. तिच्या बाजूने लोक नेहमी जे बोलतात ते मीही बोलत आलोय. एक म्हणजे, ती सगळ्यांचीच टिंगल करते. जर्मन शिस्तखोर, फ्रेंच बाई लाडिक, इंग्रज केअरटेकर सिड कामचुकार. मग एकट्या पंजाब्याचं काय घेऊन बसलात? पण मालिका सुरू झाली 30 डिसेंबर 1977 ला. त्या वेळी त्याच लंडनमध्ये ग्रनविक नावाच्या फोटो धुण्याच्या कारखान्यावर संप चालू होता. 1976 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेला हा संप जवळजवळ दोन वर्षं चालला. संपावरच्या बऱ्याच जणी भारतीय वंशाच्या, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या बायका होत्या, पुढे होत्या जयाबेन देसाई. साडीवर कोट घालून त्या थंडीत गेटवर उभ्या राहायच्या. आणि टीव्हीवर जमीला विणत बसलेली. जर्मन बाईची टिंगल झाली तरी दुसऱ्या दिवशी तिला बसमध्ये कुणी आडवं जात नव्हतं. सारखी टिंगल सगळ्यांना सारखी लागत नाही. माझ्या फ्लॅटमेटच्या कोल्हापुरी आईची नक्कल मीही करतो, पण त्याची आई पुण्यात येऊन 'मला चहा नको आहे' म्हणत नाही. तिला तशी गरज वाटत नाही.

दुसरी बाजू अशी की ज्यांची टिंगल होते तेच हसतात ना? हे मात्र खरं आहे. एलडब्ल्यूटी या चॅनलवर मायकेल ग्रेडने ती मालिका अपमानकारक वाटते म्हणून 1979 नंतर थांबवली, 29 भागांवर. पण ती आवडीने पाहिली गेली भारतात, पाकिस्तानात, श्रीलंकेत, आफ्रिकेत, म्हणजे नेमकी ज्यांच्या वतीने ती बंद केली त्यांच्याच घरी. ग्रेडचं चुकलं का? मला आधी वाटायचं, हो. आपल्या वतीने दुसऱ्याने दुखावून घ्यावं याचा मला रागच येतो. आता वाटतं की त्याला त्याच्या गावात काय ऐकू येत होतं ते मला गोरेगावात ऐकू येत नव्हतं. आमच्या लॅपटॉपवर अली चुकायचा तेव्हा हसणारे आम्ही सगळे अलीच होतो. लंडनमध्ये हसणारे वेगळे होते. मालिका तीच होती, पण माझ्या मते विनोद दोन होते.

आणि हसणं म्हणजे परवानगी, हे तर मी आता मानतच नाही. आप्पा त्या रात्री हसले होते. मी पहिल्या आठवड्यात होस्टेलवर हसलो होतो. कधीकधी हसणं हे तिकीट असतं, आत बसायचं तर काढावं लागतं.

म्हणून मग बोलीतला विनोदच करू नये का? तसं म्हणालो तर मराठवाड्यात मला कुणी उभं करणार नाही. औरंगाबादचे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करायचे. एक माणूस, 52 पात्रं, अस्सल आमची भाषा, आणि अख्खं वऱ्हाड विमानाने थेट लंडनला. आमच्याकडे त्याच्या कॅसेटी घासून संपल्या. मी लहानपणी ते ऐकून लोळलोय आणि परवाही लोळलो. त्यात गावंढळ माणसं आहेत, उच्चार आहेत, फजिती आहे. तरी आप्पांना ते ऐकून कधी भाषा सावरून बसावं लागलं नाही. फरक कशात आहे, हे मी बरेच दिवस शोधतोय. देशपांडे विद्यापीठात शिकवायचे, प्रमाण मराठी त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी छान यायची, म्हणजे तेही मॅक्स आणि रणजितसारखे सोंग घेणारेच. कदाचित फरक एवढाच असेल की त्यांच्या माणसांना पूर्ण संध्याकाळ मिळायची. ती भांडायची, रुसायची, एकमेकांना टोपी घालायची, शहाणपणाही करायची. माझ्या आप्पांना मी दोन मिनिटं दिली आणि त्यात एकच काम, चुकायचं. शिवाय डिनो शफीकने निदान स्वतःचं तोंड वापरलं. मी बापाचं वापरलं, आणि मिळालं ते सगळं मी ठेवलं : मित्र, कॅन्टीनमधली खुर्ची, टीममध्ये 'भारी पोरगा' ही ओळख.

आमच्याकडे बापाची माफी मागायची पद्धत नाही. फार तर मोबाइलचा वर्षाचा रिचार्ज मारून देतात. मी मारला. आयटम बंद केला. फ्लॅटमेटनी कारण विचारलं तर "जुना झाला" म्हणालो. हेही धड खरं सांगता आलं नाही.

गेल्या दिवाळीत गावी होतो. आता घरी मोठा टीव्ही आहे आणि मोबाइलवरून त्यावर यूट्यूब लावता येतं. आप्पाच म्हणाले, "ते अलीचं लाव." लावलं. मी या वेळी एक गोष्ट बघत होतो, जी आधी कधी बघितली नव्हती. ब्राउन सर वैतागतात, कपाळाला हात लावतात, पण विद्यार्थ्याच्या चुकीला खिदळत नाहीत. हसण्याचा आवाज येतो तो वर्गाबाहेरून, जे लोक दिसत नाहीत त्यांचा. आप्पा मात्र दिसत होते. अली उभा राहिला की आधीच हसायला लागायचे, पूर्वीसारखेच.

"ही मान्सं आता कुठं हाईत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. अली 1984 मध्ये गेला. रणजित सिंग 2017 मध्ये. आणि ब्राउन सरांचं काम करणारा बॅरी इव्हान्स, त्याला पुढे कामं मिळेनात, तो टॅक्सी चालवायला लागला आणि 1997 मध्ये वारला, त्रेपन्न वर्षांचा.

"टॅक्सी?" आप्पा थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले. "मंग त्येला तरी बोलायला मान्सं भेटली आसतील. नाना जातीची."

हे वाक्य चांगलं होतं. ते ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात ते कुठे वापरता येईल याचा हिशेब सुरू झाला, हे मी लपवत नाही. आणि बघा, इथे वापरलंच. या वेळी फक्त आधी विचारलं. लेखाबद्दल सांगितलं, ओटीपीचं लिहिणार हेही सांगितलं. ते म्हणाले, "लिव. पन मी जे बोल्लो तेच लिव. ते 'वटीपी' तुझं हाय."

पुण्याला परत आल्यावर रविवारी फोन केला. चार रिंगा गेल्या. उचलला. पलीकडे नेहमीसारखा कोंबड्यांचा आणि ट्रॅक्टरचा आवाज. आप्पा लगेच बोलत नाहीत हल्ली, आधी विचारून घेतात.

"स्पीकरवर हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो. "कानाला हाय."

"मंग बोल."